सिकलसेल तपासणीच्या तीन याद्या, त्यांतली एकच माणसं कशी ओळखायची? (नागपूर)

वेणाकाठ

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नागपूर जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणारा आमचा छोटा गट आहे. पूर्णवेळ आम्ही दोघीच, बाकीचे सुटीच्या दिवशी येतात. आतापर्यंत हिंगणा, कुही, उमरेड आणि शहरातल्या काही वस्त्यांमध्ये जी तपासणी झाली तिच्या नोंदी माझ्याकडे तीन ठिकाणी आहेत.

एक, शिबिरांच्या वह्या. मूळ नोंद हाताने, मराठीत. नंतर कोणीतरी ती एक्सेलमध्ये उतरवली, त्यातली अर्धी कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये. यात वय आहे, जन्मतारीख नाही. दोन, शाळांमधल्या तपासणीची यादी. ही इंग्रजीत, आडनाव आधी, जन्मतारीख आहे. तीन, एका रुग्णालयातून रुग्णांच्या संमतीने मिळालेली यादी. इंग्रजीतच, पण नाव आधी, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव कधी आहे कधी नाही. मोबाईल नंबर बहुतेकांचा आहे.

एकच माणूस तिन्हीकडे असू शकतो. कोण कुठे आहे हे कळल्याशिवाय कोणाची पक्की तपासणी राहिली, कोणाच्या गोळ्या सुटल्या, हे आम्हाला दिसत नाही.

आता घडलेलं सांगते. आमच्या एका कार्यकर्त्याने नावांचं साम्य मोजणारं एक साधन वापरून याद्या एकत्र केल्या. साम्य ०.८५ च्या वर असेल आणि मोबाईल जुळला तर एकच माणूस धरायचा, आणि दोन निकाल असतील तर नवा ठेवायचा, असा नियम. एका घरातल्या दोन बहिणी त्यात एक झाल्या. नावं बदलून सांगते, थोरली पूनम आणि धाकटी पूजा. थोरलीचा निकाल एसएस, म्हणजे आजार असलेली. धाकटीचा एएस, म्हणजे वाहक. धाकटीची तपासणी शाळेत नंतर झाली होती, म्हणून तिचा निकाल राहिला आणि थोरलीचा पुसला गेला. चार महिने आमच्याकडून त्या घरी एकही फोन गेला नाही. मग पुढच्या शिबिराला आई तिला घेऊन आली. पोरीचे हातपाय दुखून ती रात्रभर रडलेली. मी संगणकात बघून सांगितलं, हिला काही नाही, ही वाहक आहे. आईने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, चार घड्यांचा रिपोर्ट काढला आणि माझ्यासमोर उघडून धरला. त्यावर एसएस लिहिलेलं होतं, खाली आमचाच शिक्का.

ते जोडलेलं सगळं मी बाजूला ठेवलं आहे. मूळ तिन्ही याद्या शाबूत आहेत. आता पहिल्यापासून आणि नीट करायचं आहे. कोणाला या कामाचा अनुभव असेल तर कृपा करून सांगा.

बर्डीवाला

ताई, आधार नंबर घ्या ना सरळ. बारा आकडे, एका माणसाला एक. प्रश्नच मिटला.

वेणाकाठ

भाऊ, जुन्या वह्यांत आधार नाहीच. शाळेच्या यादीत लहान मुलं आहेत. आणि आमच्यासारख्या गटाने लोकांचे आधार क्रमांक गोळा करून एक्सेलमध्ये ठेवावेत हे मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २६ सप्टेंबर २०१८ चा निकाल आल्यापासून आम्ही ते मागणंच बंद केलं.

सदरकर

आधारबद्दल एक जोडतो. क्रमांक असला तरी टाइप करणारा चुकतोच. आधारचा शेवटचा आकडा व्हरहॉफ पद्धतीचा तपासणी आकडा आहे. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर तो पकडतो. पण शेजाऱ्याचा पूर्ण बरोबर नंबर तुमच्या नावापुढे लिहिला गेला तर कोणताही तपासणी आकडा काही सांगत नाही. बँकेत वीस वर्षं काढली, ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली. नंबर असलेल्या ठिकाणीही नाव, वय बघावंच लागतं.

गुरुजी_धंतोली

वेणाकाठ ताई, मी संख्याशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न जुना आहे आणि त्यावर पक्कं काम झालेलं आहे, म्हणून धीर सोडू नका.

१९४६ मध्ये अमेरिकेत हॅल्बर्ट डन यांनी या कामाला ‘रेकॉर्ड लिंकेज’ असं नाव दिलं. जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाच्या नोंदी निरनिराळ्या कचेऱ्यांत सुट्या पानांसारख्या पडलेल्या असतात, त्या एकत्र बांधायच्या, ही त्यांची कल्पना. १९५९ मध्ये कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब आणि सहकाऱ्यांनी जन्म आणि विवाहाच्या नोंदी संगणकाकडून जुळवून दाखवल्या. पुढे १९६९ मध्ये तिथल्याच सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी त्याचं गणित मांडलं. आजची बरीच साधनं त्याच पायावर उभी आहेत.

गणित अवघड नाही. प्रत्येक रकान्यासाठी दोन प्रश्न विचारायचे. दोन्ही नोंदी खरोखर एकाच माणसाच्या असतील तर हा रकाना जुळण्याची शक्यता किती? आणि दोन वेगळ्या माणसांच्या असतील तर निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीने भागायचं. जो आकडा येईल तितकं त्या रकान्याचं वजन.

समजा, नीट लिहिलेल्या यादीत शंभरातल्या ९५ वेळा खरा रकाना जुळतो. ‘स्त्री-पुरुष’ हा रकाना योगायोगानेही निम्म्या वेळा जुळतो, म्हणून त्याचं वजन जेमतेम दुप्पट. जन्माचा महिना योगायोगाने बारातून एकदा जुळतो, म्हणून त्याचं वजन अकरा पटींच्या वर. आता आडनाव बघा. तुमच्या यादीत दर शंभरात पाच मेश्राम असतील तर मेश्राम जुळल्याने फारसं काही कळत नाही. एकाच माणसाचं आडनाव शंभरात ९० वेळा जुळतं असं धरलं, तर वजन ९० भागिले ५, म्हणजे १८. पण दोन हजारांत एखादंच सापडणारं आडनाव दोन्हीकडे आलं तर तेच वजन १८०० होतं. न्यूकोम्ब यांचं मोठेपण हेच, की दुर्मीळ नाव जुळणं आणि सर्रास आढळणारं नाव जुळणं यांना त्यांनी एका तराजूत टाकलं नाही. रकाना जुळला नाही तर त्याच पद्धतीने वजन कमी होतं.

फेलेगी-संटर यांनी शेवटी दोन नाही, तीन गठ्ठे केले. नक्की जुळतं, नक्की जुळत नाही, आणि माणसाने बघावं असं मधलं. तुमच्या कार्यकर्त्याच्या नियमात हा मधला गठ्ठाच नव्हता.

आता बहिणींची गोष्ट. या पद्धतीत सगळ्या रकान्यांची वजनं गुणली जातात, आणि त्यात असं गृहीत असतं की रकाने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. बहिणींच्या बाबतीत आडनाव जुळलं, वडिलांचं नाव जुळलं, पत्ता जुळला, मोबाईल जुळला. हे चार पुरावे दिसतात, पण आहे तो एकच: दोघी एका घरच्या आहेत. तोच साक्षीदार चार वेळा उभा केला तर निकाल चुकणारच. म्हणून काम दोन टप्प्यांत करा. आधी घर जुळवा. मग त्या घराच्या आत माणूस जुळवा, आणि तिथे फक्त पहिलं नाव, वय आणि स्त्री-पुरुष हेच बघा. घराच्या आत मोबाईलला शून्य किंमत.

वेणाकाठ

गुरुजी, शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. आमच्या यादीत एका मोबाईलवर सहा-सहा माणसं आहेत. आम्ही मोबाईलला ओळखपत्र समजत होतो.

गोरेवाडा_रात्र

मी हेच काम पायथॉनमध्ये करतो, ग्राहकांच्या याद्यांवर. तुमचं ०.८५ कुठे फसलं ते मोजून दाखवतो.

ते साधन बहुधा जारो-विंकलर मोजत असणार. मॅथ्यू जारो यांनी ते अमेरिकी जनगणनेच्या कामासाठी बनवलं, विल्यम विंकलर यांनी त्यात भर घातली: सुरुवातीची अक्षरं सारखी असली तर जास्त गुण. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पूजाची पाच अक्षरं, पूनमची सहा, आणि पहिली तीन तीच. जारोने ०.८२ येतात. विंकलरची भर घातली की ०.८८. तुमच्या ०.८५ च्या वर. आता संगीता घ्या. एका यादीत मधली ‘गी’ एका ‘आय’ने, दुसरीत दोन ‘ई’ने. एकच बाई, आणि तिचे गुण ०.९२. म्हणजे एकच बाई आणि दोन वेगळ्या बहिणी यांच्यात अंतर किती, तर ०.०४. रेघ कुठेही ओढा, कोणी तरी चुकीच्या बाजूला जाणार.

साउंडेक्स, म्हणजे उच्चारावरून नावाला कोड देणारी पद्धत, तर इथे वापरूच नका. त्याचं पेटंट १९१८ चं, रॉबर्ट रसेल यांचं, अमेरिकेतल्या नावांसाठी. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे देतात. वानखेडे ‘डब्ल्यू’ने लिहिला तर डब्ल्यू५२३, ‘व्ही’ने लिहिला तर व्ही५२३. एकच माणूस, दोन कप्प्यांत. उलट गजभिये आणि गजबे, दोघांचाही कोड जी२१०. दोन वेगळी घराणी एका कप्प्यात. कामठीचं जुनं इंग्रजी स्पेलिंग मध्ये ‘पी’ घालून आहे, त्याचा कोड के५१३ आणि उच्चाराप्रमाणे लिहिलं तर के५३०.

माझा सल्ला: सगळी नावं आधी देवनागरीत आणा, तिथेच जुळवा. आणि आपल्या भागातल्या नावांचा जोडकोश, म्हणजे एकच नाव किती प्रकारे लिहितात त्याची यादी, स्वतः बनवा. दोन-तीनशे ओळींत तुमचं जवळपास सगळं बसेल.

साधन म्हणून स्प्लिंक बघा. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयातल्या लोकांनी बनवलेलं, फुकट, मुक्त स्रोत. गुरुजींनी सांगितलेलं फेलेगी-संटर त्यात आहे, आणि वजनं ते तुमच्याच याद्यांवरून काढतं. साध्या लॅपटॉपवर चालतं. याद्या किती मोठ्या आहेत?

वेणाकाठ

शिबिरांची साधारण सहा हजार, शाळांची साडेचार हजार, रुग्णालयाची त्याहून कमी.

गोरेवाडा_रात्र

सहा हजार गुणिले साडेचार हजार म्हणजे २ कोटी ७० लाख जोड्या, त्याही फक्त पहिल्या दोन याद्यांच्या. प्रत्येक जोडी तपासायची गरज नाही. आधी गट पाडायचे आणि गटाच्या आतच तुलना करायची. पण एकाच प्रकारे गट पाडलात तर त्या गटाबाहेर पडलेला माणूस कायमचा हरवतो. आडनावाने पाडलेत तर लग्न झालेली प्रत्येक मुलगी हरवली. म्हणून तीन-चार फेऱ्या करा: एकदा गाव आणि पहिल्या नावाचं पहिलं अक्षर, एकदा मोबाईलचे शेवटचे सहा आकडे, एकदा जन्मवर्ष आणि आईचं नाव. कोणत्याही एका फेरीत जोडी सापडली तरी पुरे.

कळफलक

देवनागरीत आणा म्हणणं सोपं आहे, पण आणताना काय होतं ते सांगतो, कारण यात माझे कैक रविवार गेले आहेत.

कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत, नाही. त्यात मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली आहेत. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण कागदावर ते तसं दिसतं. युनिकोडमध्ये उलटं. बदलणाऱ्या साधनाने ही अदलाबदल नीट केली नाही तर ‘किशोर’ आणि ‘शर्मिला’ मोडतात. बदलल्यावर वेलांटी आणि रफार असलेली पन्नास नावं डोळ्यांनी तपासा.

युनिकोडमध्येही दिसायला सारखं म्हणजे सारखंच असं नाही. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून येतं, आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही येतं. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी, आणि युनिकोडची नेहमीची शुद्धीकरणाची पद्धत त्यांना एक करत नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे खास अक्षर, दुसऱ्यात साधा र, पाय मोडलेला, आणि त्याच्या मागे एक न दिसणारा जोडक. डोळ्याला फरक शून्य. हे तुम्हाला स्वतः नियम लिहून एक करावं लागेल.

मी जुळणीसाठी वेगळा रकाना करतो. त्यात सगळ्या वेलांट्या आणि उकार एकाच प्रकारचे, अनुस्वार आणि अर्धा न-म एकच, ळ चा ल, ण चा न, श आणि ष एक. मूळ नावाला हात लावत नाही. चंद्रभान आणि चन्द्रभान त्या रकान्यात एक होतात, पण त्या माणसाला पत्र जाईल ते त्याने लिहिलेल्या नावानेच.

महसूल_निवृत्त

ळ चा ल करा हे अगदी बरोबर. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि कचेऱ्यांत हिंदी चालायची. काळे यांचं काले झालेले कागद मी स्वतः हाताळले आहेत. आजही हिंदी टाइपिंग शिकलेला ऑपरेटर ळ शोधत बसत नाही.

माझ्याकडून चार गोष्टी, तहसील कार्यालयातल्या अनुभवावरून.

पन्नाशीच्या पुढच्या माणसांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असेल तर तिला वजन देऊ नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख आहे ती. गावात त्या तारखेची चाळीस माणसं निघतील.

शिबिरातलं वय म्हणजे अंदाज. विचारलं तर माणूस पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस सांगतो, सदतीस कोणी सांगत नाही. त्या वयातून शिबिराच्या तारखेवरून जन्मवर्ष काढा, आणि मोठ्यांना चार-पाच वर्षांची सूट द्या. लहान मुलांना एका वर्षाच्या वर देऊ नका, नाही तर पाठोपाठची भावंडं एक होतील.

गावाच्या नावावर विसंबू नका. खापरी एक नाही, खापरी रेल्वे वेगळी. बुद्रुक-खुर्द लिहिताना गळतात. जिल्ह्यात चौदा तालुके आहेत, प्रत्येक नोंदीला तालुका लावाच, आणि शक्य तर २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड लावा. शहरातल्या पत्त्यांना पिन कोड. ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे जाणकार. शहरात ‘प्लॉट नंबर, अमुक ले-आऊट’ एवढ्यावर भागत नाही, एका नावाचे ले-आऊट दोन टोकांना असतात, तिथे पिन उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट आडनावांची. वानखेडे-वानखडे, खोब्रागडे-खोबरागडे, उईके-उइके हे तुमच्या जोडकोशात घाला. पण सख्खे भाऊ वेगवेगळं लिहितात तसेच कधी दोन वेगळी कुटुंबंही असतात, म्हणून त्याला ‘जवळचं’ म्हणा, ‘तेच’ म्हणू नका.

इतवारीतून

आमचा धंद्याचा अनुभव. पुरवठादारांच्या याद्या जुळवताना जीएसटी नंबर कामी येतो. पंधरा अक्षरांत पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा म्हणजे त्याचा पॅन. एकाच शेठचा नागपूरचा नंबर २७ ने आणि छिंदवाड्याचा २३ ने सुरू होतो, पण मधला पॅन तोच. हिशेब चुकता करायचा तर तो एकच माणूस, माल पाठवायचा तर दोन दुकानं. ताईंनी आधी हे ठरवावं की त्यांना नक्की काय एक करायचं आहे, घर की माणूस की तपासणी.

वेणाकाठ

इतवारीतून भाऊ, हे फार कामाचं बोललात. आम्ही ‘एक माणूस, एक ओळ’ करायला निघालो होतो. खरं तर एक माणूस आणि त्याच्या अनेक तपासण्या, प्रत्येक तपासणी आपापल्या तारखेसह राहायला हवी. नवा निकाल जुन्याला पुसतो हीच मुळात चूक होती.

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेत काम करते. कोणीही न बोललेला एक धोका सांगते.

निकालाचा रकाना जुळणीत वापरू नका. मोह होईल, कारण माणसाचं हिमोग्लोबिन बदलत नाही, एएस तो एएसच. पण शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं सांगते, वाहक आणि आजारी यांत फरक करत नाही. तो फरक प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनी कळतो. शिवाय नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून निकाल फसवा येऊ शकतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन निकाल वेगळे असू शकतात.

त्याहून मोठं कारण हे: निकाल जुळतो म्हणून तुम्ही नोंदी जोडल्यात तर चुकीची जोडणी ओळखायचं एकमेव साधन तुम्ही स्वतःच संपवलंत. निकाल बाहेर ठेवा. नोंदी जोडून झाल्या की मग बघा, कोणाकडे एसएस आणि एएस दोन्ही आले आहेत. ती प्रत्येक जोडी त्याच दिवशी माणसाने तपासायची. तुमच्या त्या मुलीची नोंद अशा तपासणीत पहिल्याच दिवशी वर आली असती.

आणि आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची दोनात एक. म्हणजे एका घरात वेगवेगळे निकाल असणं हे या आजारात अगदी नेहमीचं आहे. भावंडांची सरमिसळ दुसऱ्या कोणत्या यादीत चालून जाईल, इथे नाही.

गोरेवाडा_रात्र

हे मला सुचलं नसतं. मी निकालाला सगळ्यात जास्त वजन द्या असं लिहिणार होतो.

गटप्रवर्तक_कुही

ताई, मी गटप्रवर्तक आहो, माझ्याकडे आशाताईंचं काम आहे. तुम्ही सगळे संगणकाचं सांगून राहिले, मी घरचं सांगते.

आमच्या इकडे पोरीचं लग्न झालं की आडनाव तं बदलतेच, कधी नावही बदलते. माहेरी कुमारी सोनाली, सासरी सौभाग्यवती स्वाती. माहेरी बापाचा मोबाईल, सासरी नवऱ्याचा. गाव वेगळं, तालुका वेगळा. मग तुमच्या मशीनले ते कसं कळन? ते आशाले कळते, काहून का ती त्या लग्नाले गेली राहते. पोरीच्या आईचं नाव मात्र बदलत नाही. नवीन फॉर्ममध्ये आईचं नाव आणि माहेरचं गाव हे दोन रकाने घालाच.

अजून एक. गावात पोराले घरी वेगळं नाव असते आणि शाळेत वेगळं. शिबिरात आजीनं आणलं तं आजी घरचंच नाव सांगते. बाल्या, छकुली, असं. ते पोरगं तुमच्या शाळेच्या यादीत सापडणारच नाही. ज्या गावची यादी अडली ती छापून द्या, आशाताई तासाभरात सांगते कोण कोणाचं.

सदरकर

यादी छापून द्याल तेव्हा त्यावर निकाल छापू नका. नाव, गाव, घर एवढंच. वाहक आहे हे कळलं की मुलीचं लग्न मोडतं, हे आपल्या भागात होतं. आणि ती एक्सेल फाइल व्हॉट्सॲपवर फिरत असेल तर आजच बंद करा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी हे लोकांनी विश्वासाने दिलेलं आहे.

वेणाकाठ

फिरत होती. आज बंद केली. जुन्या प्रती सगळ्यांना खोडायला सांगितल्या.

गुरुजी_धंतोली

सगळं सुरू करण्याआधी एक काम. कुठूनही दोनशे जोड्या उचला. दोन माणसांना वेगवेगळं बसवून प्रत्येक जोडीवर ‘एकच’, ‘वेगळी’ किंवा ‘सांगता येत नाही’ लिहायला लावा. दोघांचं जिथे जमणार नाही तिथे तिसऱ्याने बघावं. मग यंत्राचा निकाल त्याच्याशी ताडून बघा. दोन आकडे वेगळे मोजा: यंत्राने जोडलेल्यांपैकी किती खरे, आणि खऱ्यांपैकी किती यंत्राला सापडले. तुमच्या कामात पहिला आकडा जपायचा. सुटलेली जोडी म्हणजे एका माणसाला दोन फोन जातील. चुकीची जोडी म्हणजे एका माणसाला एकही जाणार नाही.

अजून एक सावधगिरी. अ जुळला ब शी, ब जुळला क शी, म्हणून अ आणि क एकच, असं यंत्र आपोआप करतं. मधली नोंद ‘सौ. मेश्राम, अमुक मोबाईल’ एवढीच अर्धवट असेल तर ती सासू आणि सून दोघींना चिकटते आणि तिघी एक होतात. तीनपेक्षा जास्त नोंदींचा प्रत्येक पुंजका डोळ्यांखालून घाला.

वेणाकाठ (सात आठवड्यांनी)

मंडळी, खाली काम कुठवर आलं ते लिहिते.

मूळ तीन याद्यांना आम्ही हात लावला नाही. वेगळी चौथी यादी केली, तिच्यात फक्त जोड्या: कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जोडली, कशावरून, कोणी ठरवलं, कोणत्या तारखेला. चूक सापडली की ती एक ओळ काढायची, बाकी काही बिघडत नाही. नावं देवनागरीत आणायला आणि जोडकोश बनवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, तीन आठवडे. गोरेवाडा भाऊ दोन रविवार स्वतः येऊन बसले. स्प्लिंक चालवायला एक दुपार लागली.

मधला गठ्ठा ३४० जोड्यांचा निघाला. गावनिहाय छापून, निकाल न छापता, आशाताईंकडे नेला. एका जोडीवर मी अगदी ठाम होते की एकच मुलगा. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, वयात एका वर्षाचा फरक. ताईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, हे चुलतभाऊ आहेत, दोघांच्या बापांचं नाव एकच, एक वरच्या आळीचा, एक विहिरीजवळचा. तेव्हापासून एक ‘जोडू नये’ अशी यादी सुरू केली आहे. एकदा वेगळे ठरलेले दोघे पुढच्या वेळी यंत्राने पुन्हा एक करू नयेत म्हणून. तिच्यातली पहिली ओळ त्या दोन बहिणींची आहे.

उलट बाजूनेही सापडलं. कुहीत एसएस निघालेली आणि आमच्याकडे ‘गाव सोडलं’ म्हणून जिची नोंद बंद झाली होती अशी एक मुलगी उमरेड तालुक्यात वेगळ्या नावाने, वेगळ्या आडनावाने मिळाली. आईच्या नावावरून. तिला दिवस गेले आहेत. नवऱ्याची तपासणी झालेली नव्हती, परवा झाली, तो वाहक नाही. तिची नाव-नोंदणी तिथल्या डॉक्टरांकडे करून दिली.

एकाच माणसाकडे एसएस आणि एएस दोन्ही आलेल्या नोंदी अकरा निघाल्या. चार जणांना रक्त चढवलेलं होतं, दोन ठिकाणी वहीतून उतरवताना चूक, पाच ठिकाणी जोडणीच चुकीची, ती सोडवली. सूक्ष्मदर्शी ताई, तुमच्यामुळे.

पूनमचं औषध सुरू आहे. तिच्या आईला मी सगळं सांगितलं, कशामुळे झालं तेही. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, कागद मी जपून ठेवते बाई, तुम्ही तुमचं ठेवा.

आता कुहीच्या दोन जुन्या वह्या उरल्या आहेत. पावसात भिजलेल्या, शाई पसरलेली, यंत्राला काही वाचता येणार नाही. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं, एकाने ताडून बघायचं, अशी तीन माणसं रविवारी हवी आहेत.

महसूल_निवृत्त

भिजलेल्या नोंदवह्या वाचायची सवय आहे मला. मी येतो, सकाळी दहाला.

गटप्रवर्तक_कुही

मी पण येते. त्यातली अर्धी घरं माझ्याच आशाताईंची आहेत.